समुद्र डाव्या हाताला

दाभोलीहून निघालो तेव्हा
वाट कुणाला विचारायची नव्हतीच.
समुद्र डाव्या हाताला ठेवायचा
आणि कुणकेश्वर येईपर्यंत चालायचं,
एवढाच नकाशा.

लवू पाण्याच्या बाजूने चालतो.
त्याचा डावा कान गेलाय, एक्केचाळीस वर्षं झाली.
त्या कानाशी लाटा कितीही आपटल्या
तरी त्याच्या लेखी तिथे भिंत.
उजव्या कानाशी मी,
माझ्या चपलेचा तुटका अंगठा,
माझी कंबर, सुनेच्या तक्रारी,
आणि जे सांगायचं ठरवून आलो
ते सोडून बाकी सगळं.

निवतीच्या चढाला
काजूची बोंडं नुकती रंगू लागलेली.
लवूने एक तोडलं, हुंगलं, खिशात टाकलं.
‘देवाक,’ म्हणाला.
दोन तासांनी खिशावर डाग, खिसा रिकामा.
देवाचं बोंड केव्हा खाल्लं
मला दिसलंच नाही.

कोरजाईच्या तरीवर
ऐन खाडीत इंजिन बंद पडलं.
इतकी शांतता की मी म्हटलं, ‘लवू.’
तो वळला. सबंध वळला, सवयीने,
उजवा कान पुढे करून,
ताकासाठी भांडं पुढे करावं तसा.
‘भरती लागली वाटता,’ मी म्हटलं.
‘सुकती हा,’ तो म्हणाला.

तळाशीलला रापणीचा दोर वाटेत आडवा.
ओलांडू म्हटलं, तर बायकांनी आम्हालाच दोराला लावलं.
अर्धा तास मागे मागे सरकत
आम्ही देवाच्या वाटेला काटकोनात.
वाटा दिला : सहा बांगडे, एक लेप.
नवसाची वाट, मासळी चालत नाही.
लवूने परत केला,
पण बांगड्यांकडे बघितलं जरा जास्तच वेळ.

आचऱ्याला तो घोरत होता, मी जागा.
सातेरीची जत्रा, पालखी वळत होती.
गर्नाळाची वात मी पेटवली होती.
विझली का, म्हणून लवू वाकून बघत होता.
सगळे म्हणाले, दारूवाल्या केरूचा निष्काळजीपणा.
केरू गाव सोडून बेळगावला गेला, तिथेच मेला म्हणे.
मी तेव्हा बारा वर्षांचा.
मग तेरा.
मग त्रेपन्न.

कुणकेश्वरला रांगेत तीन तास.
पिंडीवर हात टेकला
आणि डोक्यात एवढंच, की चपला कुठे ठेवल्या.
अमावस्येला पालख्या समुद्रात उतरल्या,
ढोल असे उठले की
लवूने दोन्ही कानांवर हात ठेवले.
गेलेल्यावरसुद्धा.

परतताना समुद्र उजव्या हाताला आला.
आता त्याच्या चांगल्या कानात सगळा दर्या
आणि माझ्या वाट्याला भिंत.
तांबळडेगच्या वाळूपासून मिठबावपर्यंत
मी सगळं सांगितलं.
वात कशी सरसरत गेली,
काडेपेटी कुणाच्या घरातली,
केरूचं नाव पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं.
चार दिवस तोंडात धरलेलं,
एकदाही न अडखळता.

लवू पाण्याकडे बघत चालला होता.
मध्येच वाकून त्याने एक शिंपला उचलला,
उलटा करून पाहिला,
टाकून दिला.

रात्री शाळेच्या पडवीत
त्याने मुठीने कांदा फोडला,
भाकरीचा मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला,
तळपायाचा काटा काढला, चिमटीत धरून बॅटरीत पाहिला.
मग बॅटरी विझवली.
अंधारात बराच वेळ गेल्यावर म्हणाला,
‘उद्या तू पाण्याकडसून चल.’